अंतर विमानतळांचे आणि अंतर माळशिरसचे

मुंबई ते लंडन हे हवाई अंतर सुमारे 7,200 किलोमीटर आहे. ते कापावयास विमानास साडेनऊ ते दहा तास लागतात. परतीच्या प्रवासात पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या उंचावरील वाऱ्यांची साथ मिळत असल्याने वेळ काहीसा वाचतो. अंतर तेच, पण वेळ निराळा. 2019 च्या फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत पाकिस्तानने आपले आकाश बंद ठेवले, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना मोठा वळसा घ्यावा लागला. तात्पर्य, प्रवासाचा वेळ केवळ किलोमीटरवर ठरत नाही.

हेच सूत्र सोलापूर जिल्ह्यास लावून पाहण्याजोगे आहे. 15 ऑक्टोबर 2025 रोजी सोलापूर-मुंबई विमानसेवा सुरू झाली. अनेक वर्षांच्या मागणीस आलेले हे फळ स्वागतार्हच होय. दोन्ही विमानतळांतील सरळ अंतर सुमारे 360 किलोमीटर. जेट विमानाच्या पूर्ण वेगाने ते अर्ध्या तासाचेच. परंतु धावपट्टीपर्यंतची वाटचाल, चढण, उतरण आणि मुंबईच्या गजबजलेल्या आकाशातील प्रतीक्षा धरता तास-सव्वातास लागतो.

मात्र माळशिरसच्या प्रवाशाचा हिशेब याहून वेगळा आहे. सोलापूर तेथून पूर्वेस सुमारे 120 किलोमीटरवर. म्हणजे मुंबईस जाण्यासाठी त्याने प्रथम मुंबईकडे पाठ फिरवावयाची, अडीच तास रस्ता तुडवावयाचा, तासभर आधी विमानतळावर हजर व्हावयाचे आणि मग उलट दिशेने उडावयाचे. नकाशावर सोलापूर-मुंबई अशी रेषा ओढली, तर ती माळशिरसच्या उत्तरेस थोड्याच अंतरावरून जाते! एकूण वेळ पाच तासांच्या घरात जातो. पुण्यावरून थेट रस्त्याने सहा-सात तास. मग तास-दोन तासांच्या बचतीसाठी विमानाचे भाडे कोणता कारकून किंवा विद्यार्थी देणार?

परदेशी निघालेल्या मुलाची कथा तर अधिक बोलकी आहे. माळशिरसहून मुंबईचा विमानतळ गाठण्यात सहा-सात तास आणि तेथे तीन तास आधीची हजेरी, असे नऊ-दहा तास तो जमिनीवरच घालवितो. पुढचे 7,200 किलोमीटर तेवढ्याच वेळात सरतात!

याचा अर्थ विमानतळ नकोत असा नव्हे. सोलापूर शहरातील व्यापाऱ्यास वा रुग्णास ही सेवा मोलाची आहे. परंतु विमानतळ ते विमानतळ एवढाच वेळ मोजून जिल्हा जवळ आल्याचे समाधान मानणे ही आत्मवंचना ठरेल. मोजावयाचा तो घराच्या उंबऱ्यापासूनचा वेळ. त्या मापाने पाहता माळशिरसची निकड निराळी आहे. मुंबई-सोलापूर वंदे भारत गाडी फेब्रुवारी 2023 मध्ये सुरू झाली, ती कुर्डुवाडीस थांबते. तिच्या वेळेशी जुळणारी एस. टी. हवी. विमानाच्या वेळेशीही तशीच जोड हवी. आणि ब्रिटिश अमदानीपासून रेंगाळलेला फलटण-पंढरपूर लोहमार्ग प्रत्यक्षात यावयास हवा. लोणंदहून फलटणपर्यंत आलेली प्रवासी गाडी पुढे सरकण्याची वाट हा तालुका पाहत आहे.

आकाशातील मिनिटे वाचविण्यासाठी शासन जेवढी तत्परता दाखविते, तेवढी जमिनीवरील तास वाचविण्यासाठी दाखवील, तेव्हाच माळशिरस खऱ्या अर्थाने जगाच्या जवळ येईल.