सहा गडी राखून हरलो

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलेय. कारण? राग. राग आल्याशिवाय माझ्याकडून काही लिहून होत नाही, हे नातेवाईक मंडळींना माहीतच आहे. आणि या वेळी राग नातेवाईकांवरच आहे, तेव्हा ताई आणि दाजी, पुढचं जरा पाणी पिऊन वाचा.

तर झालं असं. आमच्या भाचीची आंतरमहाविद्यालयीन मॅच होती, वीस ओव्हरची. समोरच्यांनी ११७ केल्या. सोळा ओव्हरनंतर आमच्या ३ बाद ८४. म्हणजे चोवीस चेंडूंत चौतीस हव्यात आणि सात विकेट हातात. भाची नुकतीच आत आलेली, दुसऱ्या टोकाला सलामीची मुलगी. आणि बाउंड्रीवरून सर ओरडतायत, "विकेट जाऊ देऊ नका! शेवटच्या दोन ओव्हरमध्ये बघू!"

मुलींनी ऐकलं. सतराव्या ओव्हरमध्ये चार धावा, अठराव्यात तीन. आता बारा चेंडूंत सत्तावीस. मग भाचीने एक चौका मारला, दोन धावा पळून काढल्या आणि पुढच्याच चेंडूवर लाँगऑनला झेल देऊन परत आली. त्या ओव्हरच्या नऊ झाल्या, शेवटच्या ओव्हरच्याही नऊ. ४ बाद १०९. आठ धावांनी हरलो.

सहा गडी राखून हरलो! एरवी "गडी राखून" हे शब्द जिंकल्यावर येतात. हे राखलेले सहा गडी आता कुठे ठेवायचे? फ्रीजमध्ये?

मॅच संपल्यावर सरांनी सलामीच्या मुलीची पाठ थोपटली. चोपन्न चेंडूंत नाबाद एकेचाळीस, "शेवटपर्यंत उभी राहिली." (त्या पोरीवर माझा काडीचा राग नाही. तिला जे सांगितलं ते तिने मन लावून केलं.) आणि भाचीला? "काय गरज होती हवेत मारायची?" पुढच्या मॅचला तिला बाहेर बसवलं. घरी आल्यावर दाजींनी तेच वाक्य म्हटलं, मग ताईने, मग फोनवर मामांनी. ज्यांनी मॅच पाहिलीच नव्हती त्यांनीसुद्धा! भाची न जेवता झोपली.

आता माझा मुद्दा. तिचा तो एक फटका सगळ्यांना दिसला. त्याआधीचे बारा चेंडू कुणालाच दिसले नाहीत. मॅच त्या बारा चेंडूंत हरली होती. चोवीसला चौतीस हे जमण्यासारखं असतं, बाराला सत्तावीस हे बहुतेक वेळा जमत नाही. त्या दोन ओव्हरमध्ये कुणी आउट झालं नाही म्हणून कुणाला वाटलंच नाही की काही गेलं. आणि जिला नंतर ते भरून काढायला पाठवलं, तिच्या नावावर अख्खी मॅच लिहून टाकली.

हे काही आमच्या कॉलेजच्या मैदानावरच होतं असं नाही. १९ नोव्हेंबर २०२३, अहमदाबाद. आठवण काढायची इच्छा नाही पण काढतेच. सलग दहा मॅच जिंकून आपण वर्ल्ड कपच्या फायनलला आलो होतो. पहिल्या दहा ओव्हरमध्ये २ बाद ८०. उरलेल्या चाळीस ओव्हरमध्ये मिळून चौके किती? चार. छक्का एकही नाही. मध्ये सलग सत्त्याण्णव चेंडू एकही चेंडू सीमेपार गेला नाही. २४० वर सगळे बाद, आणि त्या ट्रॅव्हिस हेडने १३७ मारून सहा गडी राखून मॅच नेली. (ते खरे राखलेले गडी.)

दुसऱ्या दिवशी आमच्या सोसायटीत, लोकलमध्ये, ऑफिसात एकच चर्चा: रोहितने तो फटका का मारला? ३१ चेंडूंत ४७ करणारा एकटा माणूस गुन्हेगार! त्या सत्त्याण्णव चेंडूंवर मात्र कुणाचंच नाव नाही. राहुलला १०७ चेंडूंत ६६ केल्या म्हणून शिव्या द्यायला मी बसलेली नाही. पिच संथ होतं, तीन विकेट गेल्या होत्या, जडेजानंतर फलंदाजी संपत होती, हे सगळं खरं आहे. पण पंचवीस ओव्हर झाल्या तरी पॅव्हेलियनमधून कुणी "आता एक ओव्हर घे अंगावर" म्हणालं असेल असं खेळाकडे बघून तरी वाटलं नाही. द्रविड माझा अतिशय लाडका आहे, आणि तरीही मी हे म्हणतेय, यावरून माझ्या संतापाची कल्पना यावी.

मग येते इंदूरची मॅच, १९ ऑक्टोबर २०२५, महिलांचा वर्ल्ड कप. इंग्लंडच्या २८८. आपली सांगलीची स्मृती ८८ वर होती, तेव्हा आपण जिंकल्यातच जमा होतो. ती बाद झाली तेव्हा ५५ हव्या होत्या, साधारण चेंडूला एक, आणि सहा विकेट हातात. शेवटी ६ बाद २८४. चार धावांनी हरलो. विकेट किती उरल्या? चार! चार गडी राखून चार धावांनी हार, म्हणजे हिशोब तरी सरळ. आणि दोष कुणाचा? स्मृतीचा. तिनेही तो निमूटपणे स्वतःवर घेतला. आमच्याकडे दाजी म्हणाले, "सेट झालेल्या बाईने असं मारतात का?" मी म्हटलं, सेट झालेल्या बाईनेच मारायचं असतं दाजी, आणि ती गेली तरी मागे सहा जणी होत्या की! त्या काय पाणी द्यायला होत्या?

इथे प्रशिक्षकाबद्दल बोलायला हवं, आणि ते माझ्या जिवावर येतंय. कारण प्रशिक्षक आपला अमोल मुजुमदार. १९८८ साली सचिन आणि कांबळी ६६४ ची भागीदारी करत होते तेव्हा पॅड बांधून बसून राहिलेला पुढचा फलंदाज. रणजीत पहिल्याच सामन्यात २६०, पुढे प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा आणि भारताची टोपी एकदाही नाही. असा माणूस जिंकावा असं कुणाला वाटणार नाही? पण इंदूरला जेमिमा रॉड्रिग्सला बसवून एक गोलंदाज वाढवला, तो निर्णय मला भित्रा वाटला, आजही वाटतो. आधीच्या रविवारी विशाखापट्टणमला ऑस्ट्रेलियाने आपल्या ३३० धावा पार केल्या होत्या. त्या धक्क्यातून "आता मार खायचा नाही" हा विचार आला. आणि मार न खाण्यासाठी काय काढलं, तर बॅट!

हे लिहून मी लगेच म्हणेन की त्याने चार दिवसांत निर्णय फिरवला. न्यूझीलंडविरुद्ध जेमिमा परत, थेट तिसऱ्या नंबरवर, नाबाद ७६. ही मॅच आमच्या खाडीपलीकडे, डी. वाय. पाटीलला. आणि त्याच मैदानावर ३० ऑक्टोबरला ऑस्ट्रेलियाशी सेमीफायनल. आम्हाला तिकिटं मिळाली! अर्ध्या दिवसाची रजा टाकली, भाचीला घेतलं, बामणडोंगरीहून लोकल पकडून नेरूळ.

ऑस्ट्रेलियाच्या ३३८. इतका पाठलाग बायकांच्या वनडेत कुणीच केला नव्हता. ५९ वर शफाली आणि स्मृती दोघी बाद. आमच्या मागे एक काका होते, सज्जन गृहस्थ, आम्हाला चकल्या दिल्या. पण तोंडाने अखंड जप, "सिंगल घ्या, सिंगल. विकेट टाकू नका." जेमिमा आणि हरमनप्रीत यांनी १६७ जोडल्या. हरमन ८९ वर गेली, २२६ ला तिसरी विकेट, आणि अख्ख्या स्टेडियमच्या पोटात गोळा आला. इंदूरची आठवण काय माझ्या एकटीलाच येत होती? काका म्हणाले, "आता जपून."

पण कुणी जपलं नाही! दीप्ती १७ चेंडूंत २४. रिचा १६ चेंडूंत २६. अमनज्योत ८ चेंडूंत नाबाद १५. तिघींच्या मिळून एक्केचाळीस चेंडूंत पासष्ट. जेमिमा नाबाद १२७. ५ बाद ३४१, नऊ चेंडू शिल्लक. इंदूरहून अकरा दिवसांनी, तोच संघ, तोच प्रशिक्षक. भाची रडत होती, मी रडत होते, चकलीवाले काका रडत होते.

दाजींचं यावर उत्तर तयार होतं: "नशीब! ८२ वर झेल सुटला तिचा." सुटला, खरंय. मान्य. पण सांभाळून खेळायलाही नशीब लागतं, ते कुणी मोजत नाही. "शेवटच्या दोन ओव्हरमध्ये बघू" म्हणणारा माणूस त्या दोन ओव्हर वाईट पडतील यावरच पैसे लावून बसलेला असतो. तोही जुगारच. फक्त हरल्यावर त्याच्या हातात पत्ते दिसत नाहीत.

फुटबॉलवाले भाचे मंडळी नाराज व्हायला नकोत म्हणून त्यांचंही एक. जानेवारी २०१९, आशियाई चषक, शारजा. थायलंडला ४-१ हरवून झोकात सुरुवात केलेला आपला संघ बहारीनशी शेवटच्या गटसामन्यात फक्त बरोबरी साधायची म्हणून मागे मागे सरकत राहिला. नव्वद मिनिटं तग धरला. एक्क्याण्णवाव्या मिनिटाला पेनल्टी, ०-१, स्पर्धेबाहेर. प्रशिक्षक कॉन्स्टन्टाईन यांनी लगेच राजीनामा दिला. समोरच्याला नव्वद मिनिटं आपल्या दारात उभं केल्यावर एकदा कडी निघणारच की.

आता याच्या उलट एक हार सांगते, जी आमच्या बाबांनी आम्हाला गोष्टीसारखी सांगितली. मे १९९१, वानखेडे, रणजी फायनल. कपिलच्या हरियाणाविरुद्ध मुंबईला शेवटच्या दिवशी ३५५ हव्या होत्या. ३४ वर तीन बाद. अठरा वर्षांच्या सचिनने ९६ झोडपल्या, वेंगसरकर एका टोकाला १३९ वर नाबाद, आणि शेवटचा गडी कुरुविला धावबाद झाला तेव्हा धावा ३५२. दोन धावांनी हरलो. वेंगसरकर मैदानात रडला. बाबा ही गोष्ट सांगताना कधीही "सचिनने विकेट फेकली" म्हणाले नाहीत! दहाच्या दहा विकेट खर्च करून आलेली हार होती ती. त्या दिवशी मॅच अनिर्णित राहिली असती तरी पहिल्या डावाच्या आघाडीवर करंडक हरियाणालाच जाणार होता. म्हणजे सांभाळून खेळायचा दरवाजा मुंबईपुढे बंदच होता. मला कधी कधी वाटतं, तो उघडा असता तर बाबांकडे सांगायला गोष्टच नसती.

आणि कृपा करून मला "मुंबईचा खडूसपणा" ऐकवू नका. खडूस म्हणजे सहजासहजी न हरणारा. खडूस म्हणजे चोवीसला चौतीस हवे असताना ब्लॉक करणारा नव्हे.

विकेट ही बँकेतली मुदत ठेव नाही हो, व्याज मिळत नाही तिच्यावर. ती महिन्याच्या पासासारखी असते, मुदत संपली की कागद. पावसाने मॅच अडली की ते डकवर्थ-लुईसचं गणित करतात ना, ते याच पायावर उभं आहे: उरलेले चेंडू आणि उरलेले गडी ही दोन्ही मिळून तुमची पुंजी. चेंडू संपले की गडी कितीही असोत, पुंजी शून्य. हे गणित पंचांना कळतं, आमच्या सरांना कळत नाही.

पण सरांना तरी किती बोलू? मुलगी मारायला जाऊन बाद झाली की पालक त्यांना येऊन विचारतात, "तुम्ही सांगितलं होतं का असं मारायला?" मुलगी नाबाद राहून मॅच हरली की कुणी काही विचारत नाही. मग सर काय सांगणार? तेच. त्यांचा तो ओरडा आपल्याच घरातून जातो. माझ्याही घरातून जातो, खोटं कशाला बोलू? भाचीने अकरावीला साइड बदलायची म्हटलं तेव्हा "आत्ता आहे ते पूर्ण कर, मग बघू" म्हणणारी मीच होते.

असो. रविवारी भाची उलव्याला आली होती. आमच्या मागच्या सिडकोच्या मोकळ्या प्लॉटवर टेनिस बॉलने पोरं खेळतात, तिथे तिला घेऊन गेले. डोक्यावरून विमान गेलं की पोरं आता खेळ थांबवून वर बघतात, नवं आहे अजून. भाचीने तिसराच चेंडू शेजारच्या बांधकामाच्या पत्र्यापलीकडे घालवला. वॉचमनने बॉल द्यायला नकार दिला, शेवटी नवीन बॉलचे पैसे मला द्यावे लागले. पोरं म्हणाली, "काकू, उद्या पण आणा दीदीला."

शनिवारी तिची पुढची मॅच आहे. यादी अजून लागलेली नाही. दाजी, यादी काहीही लागो, शनिवारी तुम्ही मॅच बघायला येताय. बाउंड्रीवर माझ्या शेजारी उभं राहायचं. आणि तोंडात चकली.