चौकातला तरुण

झाशीला गेलेला मराठी माणूस प्रथम किल्ला पाहतो. राणी लक्ष्मीबाईंचा विवाह ज्या गणेश मंदिरात झाला, ते मंदिर पाहतो आणि भारावलेल्या मनाने मुक्कामी परततो. वाटेत बहुधा त्याला इलाइट चौराहा ओलांडावा लागतो. चौराहा म्हणजे आपला चौक. येथे इतिहास थांबतो आणि वर्तमान सुरू होते. रिक्षा, फळांच्या हातगाड्या, चहाच्या टपऱ्या यांची गर्दी असते, आणि या साऱ्यांच्या पायांशी पातळ पिशव्या, चहाचे पेले व पानमसाल्याच्या पुड्यांची चकचकीत वेष्टने पडलेली असतात.

काही वर्षांपूर्वी एका सकाळी मी या चौकात उभा होतो. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा एक गट फलक घेऊन आला. हातमोजे घातलेल्या त्या मुलामुलींनी तासभर मनापासून कचरा वेचला, छायाचित्रे काढली आणि ती निघून गेली. वेचलेल्या कचऱ्याचा ढीग रस्त्याच्या कडेलाच राहिला. दुपारपर्यंत गाईंनी आणि वाऱ्याने तो पुन्हा पसरवला. टपरीवर पेले विसळणारा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा हे सारे पाहत होता. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, “बाबूजी, मी तर रोजच झाडतो. पण झाडलेले टाकू कुठे?”

त्या विद्यार्थ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. परंतु प्लास्टिकच्या प्रश्नावर तरुणांना एकत्र आणण्याची आपली जी रीत पडली आहे, तिचे दोन्ही दोष त्या सकाळी दिसले. तरुणांना आपण एका दिवसाचे काम देतो. जबाबदारी आणि अधिकार मात्र देत नाही. दुसरा दोष मला अधिक गंभीर वाटतो. ‘तरुण’ म्हटले की आपल्याला शाळा-महाविद्यालयातील विद्यार्थीच आठवतात. टपरीवरचा, गॅरेजमधला, हातगाडीवरचा तरुण आपल्या हिशेबातच नसतो. वास्तविक चौक त्याचा असतो. तुमच्यापैकी अनेक जण दिवसभर काम करून मिळालेल्या वेळात हे पुस्तक वाचत असतील. हे मी निराळे सांगण्याची गरज नाही.

वेचलेला कचरा पुढे कुठे जातो, हा प्रश्न किती मोलाचा आहे हे मुंबईतील वर्सोवा किनाऱ्याने दाखवून दिले. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह हे वकील आणि त्यांचे ८४ वर्षांचे शेजारी हरबंश माथुर असे दोघेच तेथे कचरा उचलू लागले. ते दर आठवड्याला येत राहिले. हळूहळू शेजारी, कोळी बांधव, झोपडपट्टीतील रहिवासी आणि विद्यार्थी त्यांना येऊन मिळाले. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने शाह यांचा गौरव केला. तरीही नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यांना काम थांबवावे लागले. स्वयंसेवकांना त्रास दिला जात होता आणि गोळा केलेला कचरा वेळेवर हलवला जात नव्हता. पुढे आश्वासन मिळाल्यावर काम पुन्हा सुरू झाले आणि मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे गेली. या पिल्लांची कथा सर्वत्र सांगितली जाते; त्या थांबलेल्या दिवसांची फारशी सांगितली जात नाही. मला ते दिवस अधिक बोधप्रद वाटतात.

कायद्यांची उणीव आहे, असे म्हणता येणार नाही. २६ जुलै २००५ च्या महापुरात प्लास्टिकच्या पिशव्यांनी मुंबईची गटारे तुंबली, आणि त्यानंतर महाराष्ट्रात पातळ पिशव्यांवर बंदी आली. २०१८ मध्ये महाराष्ट्राने ही बंदी अधिक व्यापक केली. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकचे पेले, चमचे, ताटल्या अशा एकदाच वापरण्याच्या अनेक वस्तूंना देशभर मनाई झाली. गुटखा आणि पानमसाला प्लास्टिकच्या पुडीत विकू नये, असे तर २०१६ च्या नियमांतच लिहिले आहे. त्याच नियमांनी आपल्या मालाच्या वेष्टनांचा कचरा परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. अनेक थरांचे ते वेष्टन भंगारवाला घेत नाही, म्हणून कचरावेचकही ते उचलत नाही. ते कारखान्यातून निघते आणि चौकातल्या गटारात येऊन थांबते. मग ते वेचायला तरुणांना बोलावायचे आणि उत्पादकाला काही विचारायचे नाही, हा कोणता न्याय?

म्हणून तरुणांच्या हाती झाडूबरोबर वहीही असावी, असे माझे मत आहे. चौकात कोणत्या मालाची किती वेष्टने पडतात, कचऱ्याची गाडी कोणत्या दिवशी आली नाही, याची नोंद त्यांनी ठेवावी आणि ती घेऊन नगरसेवकाकडे, महानगरपालिकेकडे जावे. पुण्यात कचरा वेचणाऱ्या स्त्रियांनी हेच निराळ्या रीतीने केले. १९९३ मध्ये त्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी राहिली. पुढे तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निर्माण झाली आणि २००८ मध्ये तिने महानगरपालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम हाती घेतले. ज्यांना कोणी विचारत नव्हते, त्या स्त्रिया शहराशी करार करणारा पक्ष झाल्या.

टपरीवरच्या त्या मुलाला मी आणखी एक प्रश्न विचारला होता. कुल्हडात, म्हणजे मातीच्या पेल्यात, चहा का देत नाही? तो हसला. कुल्हडाने चहाची किंमत वाढते आणि गिऱ्हाईक शेजारच्या टपरीवर जाते, असे त्याने सांगितले. सगळ्या टपऱ्यांनी एकाच दिवशी ठरवले तर? यावर तो थोडा वेळ विचारात पडला. मग म्हणाला, “तसे आजवर कोणी विचारलेच नाही. सकाळी सहाला सगळे इथेच दूध घ्यायला येतात.”