फुंकरीचा आकडा

नातवाला बालदमा आहे असे समजून घराने वर्षानुवर्षे पंप द्यावा, मध्येच कोणी 'प्रायमरी कॉम्प्लेक्स' म्हणून क्षयाची औषधे सुरू करावीत, आणि पुढे एखाद्या चिकित्सक डॉक्टरांनी सांगावे की हा दमाही नव्हे आणि क्षयही नव्हे. असा प्रसंग फार थोड्या घरांवर येतो. पण ज्या घरावर येतो तेथे आजी-आजोबांचा जीव टांगणीला लागतो. आईवडील नोकरीनिमित्त बाहेर आणि मुलाचा खोकला दिवसभर ऐकणारे आपण. म्हणून प्रायमरी सिलियरी डिस्किनेसिया, अर्थात पीसीडी, या विकाराविषयी आज आपल्याशी थोडे सविस्तर बोलावयाचे आहे. त्यातही एका प्रश्नाविषयी अधिक: वाढत्या वयाबरोबर या मुलांच्या फुप्फुसांचे काय होते?

आपल्या नाकापासून श्वासनलिकांच्या बारीक फांद्यांपर्यंत आतून एक जिवंत अस्तर असते. त्याच्या पेशींवर अतिसूक्ष्म केसांसारखे रोमक असतात. डॉक्टर त्यांना सिलिया म्हणतात. एकेका पेशीवर सुमारे 200 रोमक असतात आणि ते सेकंदाला दहा-बारा वेळा एका लयीत हलतात. वाऱ्यावर डोलणाऱ्या भाताच्या शेतासारखी ती लाट धूळ, जंतू आणि कफ घशाकडे ढकलत नेते. पीसीडीत रोमकांची ही हालचाल जन्मतःच थांबलेली वा बिघडलेली असते. कफ जागीच साचतो, त्यात जंतू वस्ती करतात, आणि वारंवारच्या संसर्गाने श्वासनलिका हळूहळू सैल व रुंद होतात. या अवस्थेला ब्राँकिएक्टेसिस म्हणतात, आणि एकदा झालेली ही हानी सहसा भरून येत नाही.

गर्भात हृदय डावीकडे आणि यकृत उजवीकडे ठेवण्याचे कामही अशाच रोमकांकडे असते. ते न हलल्यास अवयवांची बाजू नशिबावर ठरते; म्हणून जवळजवळ निम्म्या रुग्णांत हृदय उजवीकडे आढळते. झुरिच येथील मानेस कार्टागेनर यांनी 1933 मध्ये उलटे अवयव, सायनसचा जुनाट विकार आणि ब्राँकिएक्टेसिस ही त्रयी वर्णिली. तिचे मूळ रोमकांत आहे हे मात्र 1976 मध्ये स्वीडनचे ब्योर्न आफ्सेलियस यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने दाखविले.

हा विकार बहुधा आईवडील दोघांकडून एकेक सदोष जनुक आल्यावरच होतो. आपल्याकडे मामेबहिणीशी लग्न करण्याची रीत अनेक घरांत होती, काही घरांत अजूनही आहे. अशा नात्यांत एकच सदोष जनुक दोन्ही बाजूंनी येण्याची शक्यता वाढते. हे दोष देण्यासाठी सांगत नाही. सुनेला बोल लावणाऱ्या सासवा मी पाहिल्या आहेत, आणि त्यांत विज्ञानाचा लवलेश नसतो. जनुक दोन्ही घरांतून आलेले असते.

पूर्ण दिवसांचे बाळ असूनही जन्मताच प्राणवायू द्यावा लागला, काही महिन्यांचे असल्यापासून बारमाही ओला खोकला आहे, उन्हाळ्यातही नाक वाहते, कान वारंवार भरतात, असा इतिहास असेल तर डॉक्टरांना तो आवर्जून सांगा. आजीच्या स्मरणातील बाळंतपणाचा तपशील येथे मोलाचा ठरतो.

आता मुख्य प्रश्न. मूल साधारण सहा वर्षांचे झाले की स्पायरोमेट्री करता येते. पूर्ण श्वास घेऊन नळीत जोराने फुंकावयाचे; पहिल्या एका सेकंदात किती हवा बाहेर आली ती एफईव्ही-वन. अहवालात ती लिटरमध्ये असते आणि त्याच वयाच्या, उंचीच्या निरोगी मुलाच्या तुलनेत टक्क्यांतही असते. येथे अनेकांची गफलत होते. उदाहरणादाखल, आठव्या वर्षी नातवाने 1.4 लिटर हवा फुंकली आणि त्याच्याएवढ्या मुलाकडून 1.6 लिटर अपेक्षित होती, तर टक्के सुमारे 88. बाराव्या वर्षी त्याने 2 लिटर फुंकली. घरात आनंद झाला. पण आता अपेक्षा 2.5 लिटरची आहे, म्हणजे टक्के 80. फुप्फुस वाढले, परंतु वाढावयास हवे होते तितके नाही. लिटर चढत असताना टक्के उतरू शकतात, म्हणून दोन्ही आकडे पाहावेत.

तरीही एका आकड्याने घाबरू नका. सर्दी असताना, थकलेले असताना किंवा फुंकण्याची पद्धत चुकल्यास आकडा खाली येतो. उंची जुनीच लिहिली तरी टक्के बदलतात. प्रयोगशाळा बदलली की तुलनेचे कोष्टकही बदलू शकते. शक्य तो एकाच ठिकाणी, पायताण काढून नव्याने उंची मोजून चाचणी करावी, आणि निदान दोन-तीन वर्षांची रेघ कोणत्या दिशेने जाते ते पाहावे.

ही रेघ सर्वांची सारखी नसते. डेन्मार्कमध्ये 74 रुग्णांचा दीर्घकाळ पाठपुरावा करून 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे एक तृतीयांश रुग्णांची फुंकर दहा टक्क्यांहून अधिक घसरली, निम्म्याहून अधिकांची स्थिर राहिली आणि दहांतील एकाची सुधारली. निदान लवकर झाले म्हणून घसरण टळलीच असेही दिसले नाही. यामुळे उपचार व्यर्थ ठरत नाहीत. मात्र 'लवकर कळले, आता चिंता नाही' असे म्हणण्याची मुभा मिळत नाही. 2018 मध्ये अनेक देशांतील 991 रुग्णांची माहिती एकत्र केली गेली, तेव्हा सहा ते नऊ वर्षांच्या मुलांतही फुंकर निरोगी मुलांपेक्षा कमी आढळली. पीसीडी हा सौम्य आजार, ही जुनी समजूत त्यामुळे मागे पडली.

काही फरक जनुकांमुळेही पडतो. पीसीडीस कारण ठरणारी पन्नासाहून अधिक जनुके आज ज्ञात आहेत. त्यांपैकी सीसीडीसी-39 आणि सीसीडीसी-40 यांत दोष असलेल्या मुलांची फुप्फुसे सरासरीने अधिक लवकर खालावतात, असे उत्तर अमेरिकेतील पाठपुराव्यात दिसले आहे. जनुक-तपासणीचा खर्च पेलणारा असेल तर तिचा उपयोग निदानापुरताच नसतो; कोणत्या मुलावर अधिक बारीक लक्ष ठेवावे हेही तिच्यावरून ठरविता येते. शिवाय आकडा चांगला असूनही सीटी स्कॅनवर हानी दिसू शकते. म्हणून फुंकर उत्तम आली तरी कफाची तपासणी चुकवू नये.

रोमक हलत नाहीत, तेव्हा कफ बाहेर टाकण्याचे काम खोकल्यालाच करावे लागते. आपल्या पिढीला खोकला थांबविण्याची सवय आहे. पाहुण्यांसमोर तर 'खोकू नकोस' असे आपण सहज म्हणून जातो. या मुलाला ते म्हणू नका आणि खोकला दाबणारे औषध स्वतःहून देऊ नका. फिजिओथेरपिस्टने शिकविलेला कफ काढण्याचा व्यायाम रोज करावयाचा असतो, आणि बरे वाटते त्या दिवशीही करावयाचा असतो. आरशावर वाफ धरावी तसा तोंड उघडून जोराचा उच्छ्वास, मग खोकून कफ बाहेर. धावणे, पोहणे, दोरीच्या उड्या यांनीही कफ सुटतो. 'दमशील, बस' म्हणून त्याला मैदानातून परत बोलावू नका. देवघरातील धूप आणि उदबत्ती मात्र मूल घरात असताना नको. देव रागावत नाही.

प्रतिजैविकांबाबत एक इशारा. अझिथ्रोमायसिन आठवड्यातून तीनदा सहा महिने दिल्यास संसर्गाचे झटके जवळपास निम्म्यावर येतात, असे युरोपातील 90 रुग्णांच्या चाचणीत 2020 मध्ये आढळले. पण ते सुरू करण्यापूर्वी डॉक्टर हृदयालेख, ऐकण्याची क्षमता आणि कफातील विशिष्ट जंतू यांचा विचार करतात. कपाटातील उरलेली पट्टी उघडून देणे म्हणजे हे औषध नव्हे.

सर्वांत अवघड काळ तेराव्या-चौदाव्या वर्षानंतरचा. मुलाला चारचौघांत खोकण्याची लाज वाटते, व्यायाम टळतो, 'काल केला होता' अशी थाप मारली जाते. रागावण्याचा उपयोग होत नाही, हे आपणही जाणता. दुपारी शाळेतून आल्यावर आजोबांनी स्वतःचे प्राणायाम आणि नातवाने आपला व्यायाम एकाच चटईवर करावा, ही युक्ती एका घरात चार वर्षे टिकली.

आणि एक फाईल ठेवा. पहिल्या फुंकरीपासूनचा प्रत्येक अहवाल, कफाचे निकाल, लशींच्या तारखा, हृदय उजवीकडे असल्यास ते ठळक अक्षरांत पहिल्या पानावर. कारण अशा मुलाचे अपेंडिक्स डावीकडे दुखू शकते आणि रात्रपाळीच्या डॉक्टरांना ते माहीत नसते. मुलगा अठराव्या वर्षी वसतिगृहात निघेल तेव्हा बालरोगतज्ज्ञ बदलतील, गाव बदलेल. तेव्हा फराळाच्या डब्याबरोबर ती फाईल त्याच्या पेटीत जाऊ द्या, आणि तिची एक झेरॉक्स आपल्याकडे असू द्या.