विश्लेषण : व्हिडीओ गेम विकत घेताना हात आखडता का?

गेम खेळणे थांबलेले नाही, पण त्यासाठी खिशात हात घालणे कमी होत आहे. ‘सर्काना’ या बाजार संशोधन संस्थेच्या आकडेवारीनुसार, अमेरिकेत एप्रिल २०२५ मध्ये १८ ते २४ वयोगटाचा व्हिडीओ गेमवरील खर्च वर्षभरापूर्वीपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी घटला. त्यामागची कारणे ठाण्यातील कोलशेतच्या तरुणांनाही ओळखीची वाटतील.

किंमत किती वाढली?
‘प्लेस्टेशन ५’ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आला. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याची किंमत ५४,९९० रुपये झाली. पूर्वी कन्सोल जुना झाला की स्वस्त होई. इथे उलटे घडले. त्यावरचा एखादा मोठा नवा गेम ४,९९९ रुपयांना पडतो. कोलशेतमध्ये कारखान्यांच्या जागी टॉवर उभे राहिले. तिथे घरभाडे किंवा हप्ता, स्टेशनपर्यंतची रिक्षा आणि लोकलचा पास भागवल्यावर नव्या नोकरदाराला ही रक्कम परवडणे कठीण.

मग खेळतात काय?
‘बीजीएमआय’सारखे मोफत गेम मोबाइलवर चालतात. ‘एपिक’चे स्टोअर दर आठवड्याला गेम फुकट देते; मे २०२० मध्ये ‘जीटीए ५’ही दिला होता. २०१३चा हा गेम आजही खेळला जातो. म्हणजे नव्या गेमची स्पर्धा जुन्याच गेमशी आहे.

नव्या कायद्याचा संबंध काय?
ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन गेमवर बंदी घातली. असे गेम चालवणाऱ्यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्यांना शिक्षा नाही. ई-स्पोर्ट्सला मात्र मान्यता मिळाली. रोख जिंकण्याच्या आशेने होणारा खर्च त्यामुळे थांबला, पण गेममधले पोशाख, बंदुकांचे रंग यांची विक्री सुरूच आहे.

पालकांनी काय पाहावे?
महागडा गेम टाळणे हा शहाणपणाच आहे. धोका ‘मोफत’ गेममध्ये आहे. तिथे ८० - १०० रुपयांची खरेदी किरकोळ वाटते, म्हणून मोजली जात नाही. प्ले स्टोअरवर प्रत्येक खरेदीला पासवर्ड सक्तीचा करा, यूपीआय पिन मुलांना सांगू नका आणि महिन्याअखेर खरेदीची यादी मुलांसोबत बसून तपासा. ४,९९९ रुपयांना नाही म्हणणाऱ्या घरातून तेवढेच पैसे सुट्ट्या रकमांत गेलेले असू शकतात.