ट्रक जुना, दांडा नवा

मुलांनो,

गेल्या सोमवारी मधल्या सुट्टीत आमच्या चौथीच्या वर्गात एका बाकाभोवती ही गर्दी! एका मुलाने जत्रेतून खेळण्यातला ट्रक आणला होता. हिरवागार, गोलमटोल नाकाचा, फुगीर मडगार्डांचा, मागे सामान ठेवायला उघडा हौदा. दार उघडले की आत इवलेसे स्टिअरिंगसुद्धा. पण ट्रकच्या मालकाचा चेहरा मात्र पडलेला.

"बाई, स्टिअरिंग फिरतं, पण चाकं वळतच नाहीत!"

मी ट्रक उलटा करून पाहिला आणि म्हटले, "वळणार कशी? याला दांडाच नाही."

"कसला दांडा?"

झाले! पुढचा तास गणिताचा होता, पण अर्धा तास या दांड्यानेच खाल्ला. आज तीच गोष्ट तुम्हालाही सांगते.

ते खेळणे एका खऱ्या ट्रकसारखे दिसत होते. अमेरिकेतल्या शेव्हरोले कंपनीने १९४७ मध्ये नव्या घडणीचे पिकअप ट्रक बाजारात आणले. त्यांतल्या अर्ध्या टनाच्या गाडीचे नाव '३१००'. पिकअप म्हणजे पुढे बसायची केबिन आणि मागे उघडा हौदा असलेली छोटी मालगाडी. शेतकरी, सुतार, दुकानदार सगळे ती वापरत. आज पाऊणशे वर्षांनंतरही तिकडचे हौशी लोक असे ट्रक जपतात, रंगवतात आणि रविवारी फिरायला काढतात.

आता दांड्याकडे वळू. ड्रायव्हर जे गोल चक्र फिरवतो, त्याच्या खालून एक लांब पोलादी दांडा निघतो. तो एका नळीत बसवलेला असतो. नळी आणि दांडा मिळून होतो स्टिअरिंग कॉलम. दांड्याचे खालचे टोक बॉनेटखालच्या स्टिअरिंग बॉक्समध्ये जाते. या बॉक्समधले दाते दांड्याचे गोल फिरणे पुढे पोहोचवतात आणि चाके वळतात. तुमच्या आई-बाबांनी मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी पाहिली असेल. २०२३ मध्ये ती रस्त्यावरून निवृत्त झाली. तिचा गिअरचा दांडा खाली जमिनीवर नसे, याच कॉलमवर असे. विचारा बरे त्यांना!

जुन्या '३१००' मध्ये हा दांडा चक्रापासून बॉक्सपर्यंत एकसंध होता. मजबूत, सरळ, न वाकणारा. "मग चांगलंच की!" असे आमच्या वर्गातली पोरेही म्हणाली. पण थांबा. समजा, गाडी समोरून जोरात आदळली. पुढचा भाग चेपून मागे सरकणार. त्याच्याबरोबर बॉक्स मागे, दांडाही मागे. आणि ड्रायव्हर? तो झटक्याने पुढे फेकला जाणार. मजबूत दांड्याचे टोक कुठे असते? थेट त्याच्या छातीसमोर!

वर्ग एकदम गप्प झाला. मागून कोणीतरी हळूच म्हणाले, "भालाच की हो बाई!"

खरेच, भालाच. असे कितीतरी ड्रायव्हर जिवाला मुकले. मग इंजिनिअर कामाला लागले. जर्मनीत मर्सिडीज कंपनीचे बेला बारेनी यांनी सुरक्षित स्टिअरिंगवर पुष्कळ काम केले. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९६७ सालच्या मोटारींमध्ये मिटणारा कॉलम बसवला. त्याची युक्ती ऐका. बाहेरच्या नळीचा एक भाग त्यांनी शंकरपाळ्यांच्या आकाराच्या जाळीचा केला. जोराचा धक्का बसला की ती जाळी पेटीच्या भात्यासारखी मिटते. आतला दांडा दोन तुकड्यांचा, एकात एक सरकणारा, आणि प्लॅस्टिकच्या बारीक खिळ्यांनी अडकवलेला. एरवी ते खिळे दांडा धरून ठेवतात. धडक बसली की मोडतात आणि दांडा आत सरकतो. म्हणजे माणूस वाचावा म्हणून वस्तूने मोडायचे!

१ जानेवारी १९६८ पासून अमेरिकेत मोटारींना अशी सोय सक्तीची झाली. सगळ्या मोटारींना असे कॉलम आले की वर्षाला सुमारे १३०० जीव वाचतील, असा हिशेब तिथल्या सरकारी अभ्यासात १९८१ मध्ये निघाला. त्याच वर्षी हा नियम हलक्या ट्रकनाही लागू झाला. पण १९४७ चा ट्रक? तो तर त्याआधीच जन्मलेला! त्याच्या पोटात भाला तसाच. म्हणून काही मालक त्याचा कॉलम बदलतात.

हे काम कसे करतात? आधी बॅटरीची तार काढतात, कारण हॉर्नची आणि दिव्यांची वायर कॉलममधूनच जाते. मग मोजमाप. सीटपासून चक्र किती लांब, दांडा खालच्या पत्र्यातून कुठून जातो, बॉक्स कुठे आहे. जुना दांडा बॉक्सचाच भाग असल्यामुळे पुष्कळदा बॉक्सही बदलावा लागतो. नवा कॉलम केबिनपुरताच असतो. तिथून बॉक्सपर्यंत एक छोटा दांडा आणि त्याच्या दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट. हा जॉइंट म्हणजे दांड्याचे मनगटच. दांडा तिरका असला तरी फिरणे पुढे पोहोचते. शिवाय वाट वाकडी झाली की धक्का सरळ छातीकडे येत नाही.

मधला दांडाही एकात एक सरकणारा घेतात. गंमत म्हणजे तो पूर्ण गोल नसतो, त्याच्या दोन बाजू सपाट केलेल्या असतात. का बरे? गोल नळीत गोल दांडा घातला तर चक्र फिरेल आणि दांडा जागीच राहील. आमच्या खेळण्यासारखेच! सपाट बाजूंमुळे दांडा लांबीत सरकतो, पण फिरताना घसरत नाही.

आता एक महत्त्वाचे. बाजारात मिळणारा प्रत्येक नवा कॉलम मिटणारा नसतो. काही नुसतेच चकचकीत असतात. चक्र वर-खाली करायची सोय असते, रंगही झकास, पण आत दांडा सरळच. नुसती चमक पाहून घेतला तर भाल्याला पॉलिश केल्यासारखेच! म्हणून जाणकार माणूस आधी विचारतो, "धडक बसली तर हा मिटतो का?" मोडीतल्या गाडीचा कॉलम घेतला तर आतले प्लॅस्टिकचे खिळे शाबूत आहेत ना, हे तपासतो. बसवताना दांड्याच्या टोकावर हातोडा मारत नाही, कारण ठोकल्याने तेच खिळे मोडतात. शेवटी चाके सरळ ठेवून चक्र सरळ लावतो, प्रत्येक स्क्रू पुन्हा आवळतो, दांडा कुठे घासत नाही ना ते बघतो, आणि आधी मोकळ्या जागेत सावकाश चालवून पाहतो. हे सगळे अनुभवी मिस्त्रीचे काम, हौशी हाताने उरकायचे नव्हे.

इतके सांगून झाल्यावर ट्रकचा मालक नाक उडवून म्हणाला, "पण बाई, मग तो जुना ट्रक कुठे राहिला? खोटाच झाला ना!"

प्रश्न चांगला होता. तिकडच्या हौशी लोकांतही यावर वाद होतात. काही म्हणतात, जसा होता तसाच ठेवा, एक स्क्रूही बदलू नका. ते ट्रक प्रदर्शनात मांडतात, रस्त्यावर फारसे काढत नाहीत. काही म्हणतात, चालवायचा तर सुरक्षित हवा. मी उत्तर देणार, इतक्यात पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "माझ्या आजोबांच्या चष्म्याची फ्रेम जुनीच आहे. काचा मात्र दोनदा बदलल्या. चष्मा आजोबांचाच आहे की!"

मला पुढे काही बोलावेच लागले नाही. पुष्कळ मालक असेच करतात. जुने मोठे चक्र एका जोडतुकड्याने नव्या कॉलमवर बसवतात, हॉर्नचे बटण तेच ठेवतात. काढलेला जुना दांडा गुंडाळून, चिठ्ठी लावून माळ्यावर ठेवून देतात. बाहेरून पाहणाऱ्याला कळतही नाही. कळते फक्त धडकेच्या क्षणी.

पालकांसाठी दोन शब्द. कॉलम कितीही चांगला असला तरी तो सीटबेल्टचे काम करत नाही. '३१००' मध्ये बेल्टच नव्हते, म्हणून कॉलम बदलणारे बरेच जण बेल्टही बसवून घेतात. आपल्या गाडीत तो आहे. लावतो का आपण? आधी आपण लावू, मग मुलांना सांगू.

करून पाहा : कणकेचा एक गोळा घ्या. त्यावर पेन्सिलचे बोथट टोक दाबा. खड्डा पडला? आता कागदाच्या पट्टीची पंख्यासारखी चुणीदार घडी घाला आणि तीच गोळ्यावर दाबा. कोण मिटले? गोळ्याचे काय झाले? वहीत लिहा. गोळा वाया घालवू नका बरे, आईला पोळीसाठी परत द्या, पण पेन्सिल आधी स्वच्छ धुऊन घ्या!

आणि हो, त्या खेळण्याचे काय झाले? शाळा सुटल्यावर आम्ही चौघापाचांनी मिळून त्याला रिकाम्या रिफिलचा दांडा बसवला. चाके थोडी अडखळली, पण वळली. मालक खूश! तेवढ्यात चष्म्यावाल्या आजोबांची नात वाकून म्हणाली, "बाई, हा तर सरळच आहे. भालाच बसवलात की!"

उद्या दोन स्ट्रॉ आणायचे ठरले आहे. एक जाड, एक बारीक.

तुमच्या बाई