दगडावरचें नांव आणि विज्ञानाचा तास

शाळेस इमारत बांधून दिली कीं दगडावर नांव कोरलें जातें. सहावींतल्या मुलास भिंग व परीक्षानळी दिली तर तें कोठें कोरावयाचें? आमच्या धनिकांचें औदार्य बहुधा येथेंच अडतें. मध्य प्रदेशांतील होशंगाबादचें उदाहरण त्यांनीं पाहावें. १९७२ सालीं रसूलियाचें क्वेकर पंथीयांचें केंद्र व किशोर भारती या दोन स्वयंसेवी संस्थांनीं तेथील १६ शाळांत सहावी ते आठवीचें विज्ञान प्रयोगांतून शिकविण्यास आरंभ केला. मुलें स्वतः प्रयोग करीत, शिक्षकांस प्रशिक्षण मिळे, आणि परीक्षेंत पुस्तक उघडण्याची मुभा असे. (हें वाचून घोकंपट्टीच्या कैवाऱ्यांस घेरी येईल!) १९७८ सालीं हा क्रम जिल्हाभर पसरला, २००२ सालीं राज्य सरकारनें तो बंद केला. यावरून खासगी मदतच व्यर्थ, असें कोणी म्हणेल तर तें आम्हांस मान्य नाहीं. नवी पद्धति करून पाहणें, चुकल्यास नुकसान सोसणें, हें सरकारी खात्यास सहसा साधत नाहीं. तें दात्यानेंच केलें पाहिजे. मात्र सिद्ध झालेली पद्धति सरकारनें आपली म्हणून पत्करावी, हा करार त्यानें आरंभींच करून घ्यावा. आमच्या दात्यांनीं यंदा एक तरी कमान कमी बांधावी, आणि तो पैसा शिक्षकांच्या सुट्टींतील प्रशिक्षणावर व प्रयोगसाहित्याच्या पेट्यांवर खर्च करावा.