शुल्क, किमान मूल्य, बंदी : कांदा निर्यातीचे तीन शब्द आणि तीन परिणाम

प्रतिनिधी, मुंबई

कांद्याचे दर चढू लागले की 'केंद्राने निर्यात रोखली' अशी बातमी येते आणि ते उतरले की 'निर्यात खुली झाली' अशी. या दोन बातम्यांच्या दरम्यान निर्यात शुल्क, किमान निर्यात मूल्य, निर्बंध, बंदी असे अनेक शब्द येऊन जातात. शहरी ग्राहकाच्या लेखी त्या सर्वांचा अर्थ जवळपास एकच असतो. प्रत्यक्षात शुल्कामागे एक कायदा व एक मंत्रालय असते, तर किमान मूल्य आणि बंदीमागे दुसरे; आणि प्रत्येकाची झळही वेगळ्या पद्धतीने बसते. ऑगस्ट २०२३ ते एप्रिल २०२५ या जवळपास वीस महिन्यांत कांद्याच्या बाबतीत हे तिन्ही उपाय वापरले गेले. आंतरराष्ट्रीय व्यापाराची परिभाषा समजून घेण्यासाठी महाराष्ट्राला याहून जवळचे उदाहरण सापडणार नाही.

शुल्क भरते कोण, सोसते कोण?

१९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्रीय अर्थ मंत्रालयाने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागू केले. सीमाशुल्क म्हटले की सहसा आयातीवरील कर डोळ्यांसमोर येतो. परंतु १९६२ चा सीमाशुल्क कायदा देशात येणाऱ्या आणि देशाबाहेर जाणाऱ्या अशा दोन्ही मालांना लागू आहे. कोणत्या मालावर किती शुल्क, हे १९७५ च्या सीमाशुल्क दर कायद्याच्या परिशिष्टांत नमूद असते. पहिले परिशिष्ट आयातीचे, दुसरे निर्यातीचे. सध्या सर्वतोमुखी झालेला 'टॅरिफ' हा शब्द मुळात अशा दरपत्रकासाठीच आहे.

कांद्यावरील हे शुल्क वजनावर नव्हे, तर किमतीवर आकारले जात होते. किंमत याचा अर्थ माल जहाजावर चढेपर्यंतची किंमत. व्यापारी भाषेत 'एफओबी'. त्यात जहाजाचे भाडे आणि विमा मिळवला की 'सीआयएफ' किंमत होते. आयात शुल्काची आकारणी या दुसऱ्या किमतीवर होते.

उदाहरणादाखल, परदेशी खरेदीदार किलोमागे ४२ रुपये देण्यास तयार आहे असे समजू. शुल्क नसेल तर ही सर्व रक्कम निर्यातदाराच्या हाती येते. ४० टक्के शुल्क लागताच त्याच ४२ रुपयांत मालाचे ३० आणि सरकारचे १२ अशी वाटणी होते. खरेदीदाराने वरचे १२ रुपये सोसले तर प्रश्न मिटतो. पण पाकिस्तान किंवा इजिप्तचा कांदा समोर असताना तो ते सोसत नाही. मग निर्यातदार ही रक्कम लिलावाच्या बोलीतूनच वजा करतो. शुल्काचा भरणा न्हावा शेवा बंदरात होतो. त्याची झळ मात्र लासलगाव आणि पिंपळगाव बसवंतच्या बाजार समित्यांत बसते. तीही केवळ परदेशी जाणाऱ्या कांद्याला नव्हे. निर्यातदाराची बोली उतरली की देशात विकल्या जाणाऱ्या कांद्याचा भावही तिच्याबरोबर उतरतो.

अशा अधिसूचनांतील 'तत्काळ प्रभावाने' हे शब्दही निरुपद्रवी नाहीत. निर्यात शुल्काचा दर सौदा ठरला त्या दिवशीचा धरला जात नाही. सीमाशुल्क अधिकारी माल जहाजावर चढविण्यास ज्या दिवशी परवानगी देतो, त्या दिवशीचा धरला जातो. साहजिकच, जुन्या दराने सौदा केलेला आणि बंदराच्या वाटेवर असलेला कंटेनरही नव्या शुल्काच्या कक्षेत येतो.

कर नसलेला अडसर

दुसरे हत्यार किमान निर्यात मूल्याचे. ते अर्थ मंत्रालयाकडे नसून वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीतील परकीय व्यापार महासंचालनालयाकडे आहे. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस कांद्यासाठी टनाला ८०० डॉलर, म्हणजे किलोला सुमारे ६७ रुपये, असे किमान मूल्य ठरविण्यात आले. हा कर नव्हे. त्यातून सरकारी तिजोरीत एक रुपयाही जमा होत नाही. ठरलेल्या किमतीच्या खाली माल परदेशी पाठवता येणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. मात्र ही मर्यादा परदेशी बाजारातील भावापेक्षा वर ठेवली, तर 'बंदी' हा शब्द न उच्चारताही बंदीचा परिणाम साधतो.

दोन्ही उपाय एकत्र आले की काय होते, हे मे २०२४ मध्ये दिसले. टनाला ५५० डॉलर किमान मूल्य आणि त्यावर ४० टक्के शुल्क अशा अटींवर ४ मे रोजी निर्यात खुली झाली. हिशेब केला तर ७७० डॉलरच्या खाली टनभर कांदाही बाहेर जाणे शक्य नव्हते. बातमी 'बंदी उठली' अशी होती आणि ती खरीही होती. पण दार अर्धेच उघडले होते.

'मुक्त' ते 'प्रतिबंधित'

बंदीही याच महासंचालनालयाच्या अधिसूचनेने येते. निर्यात धोरणात प्रत्येक मालापुढे 'मुक्त', 'निर्बंधित' किंवा 'प्रतिबंधित' असा शेरा असतो. निर्बंधित माल परवाना घेऊन पाठवता येतो. प्रतिबंधित माल सर्वसाधारण व्यापाऱ्याला पाठवताच येत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्यापुढील 'मुक्त' हा शब्द खोडून 'प्रतिबंधित' हा शब्द आला. मुदत ३१ मार्च २०२४ पर्यंत होती. ती संपण्यापूर्वीच वाढविण्यात आली. त्याच काळात बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, श्रीलंका, भूतान, बहरीन आणि मॉरिशस या सहा देशांना मिळून ९९ हजार १५० टन कांदा सरकारी मार्गाने देण्यास मंजुरी मिळाली. म्हणजे बंदी व्यापाऱ्यांना होती, राजनैतिक गरजेला नव्हती.

जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांतही हा फरक आहे. 'गॅट' कराराच्या अकराव्या कलमानुसार निर्यातीवर शुल्क लावता येते, बंदी मात्र सर्वसाधारणपणे वर्ज्य आहे. अन्नधान्याची गंभीर टंचाई टाळण्यासाठी ती तात्पुरती घालण्याची मुभा आहे. 'तात्पुरती' म्हणजे किती काळ, हे कलम सांगत नाही.

शब्द गेले, बाजार?

सरकारची बाजू दुर्लक्षिण्याजोगी नाही. चाळीत साठवलेला उन्हाळ कांदा संपत आलेला आणि खरिपाचा कांदा पुरेसा न आलेला, अशा सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या काळात दर भडकतात. मुंबई, दिल्लीतील अल्प उत्पन्न गटातील कुटुंबांना त्याचा थेट फटका बसतो. परंतु या उपाययोजना लागू होतात एका रात्रीत आणि मागे घेतल्या जातात टप्प्याटप्प्याने. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य हटले आणि शुल्क २० टक्क्यांवर आले. ते पूर्ण रद्द होण्यास १ एप्रिल २०२५ उजाडला. तोवर २१ मार्च रोजी लासलगावचा सर्वसाधारण भाव क्विंटलला १,३३० रुपयांवर आला होता.

भाव चढलेला असताना लागलेले शुल्क भाव कोसळल्यावर उठले, तर शेतकऱ्याला तेजी आणि सवलत या दोहोंपैकी काहीच मिळत नाही. २०१९, २०२० आणि २०२३ अशा तीन बंद्या अनुभवलेला परदेशी खरेदीदारही दुसरा पुरवठादार हाताशी ठेवू लागतो. शुल्क एका अधिसूचनेने रद्द होऊ शकते, हा अविश्वास नव्हे. म्हणूनच पुढील वेळी 'निर्यात रोखली' किंवा 'निर्यात खुली' असे वाचनात येईल, तेव्हा नेमका कोणता शब्द वापरला आहे, किती मुदतीसाठी आणि त्याचा भार कोणावर, हे पाहिल्याखेरीज त्या बातमीचा अर्थ पूर्ण होणार नाही.